अनुभव धागा: कॉलेज हॉकीची स्पर्धा कुठल्या गावाला द्यावी?

स्केनेक्टडीकर

हॉकी म्हणजे बर्फावरची, हे आधीच सांगतो. नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत ध्यानचंद येतील.

अमेरिकेच्या ईशान्येकडे ईसीएसी नावाची बारा कॉलेजांची कॉन्फरन्स आहे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. कॉर्नेल, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही नावं सगळ्यांना माहीत. क्लार्कसन, सेंट लॉरेन्स, युनियन, कोलगेट ही फक्त हॉकीवाल्यांना. मार्चमध्ये चार संघ उरतात आणि एका तटस्थ गावात जमून व्हाइटलॉ कपसाठी भिडतात. ते गाव कोणतं, यावर इथे चालतो तो खल थेट साहित्य संमेलनाच्या स्थळासारखा. प्रत्येकाला आपलंच गाव मध्यवर्ती वाटतं.

1992 पर्यंत बॉस्टन गार्डन स्टेडियम. 1993 ते 2002 लेक प्लॅसिड. मग 2003 पासून आठ वर्षं ऑल्बनी, 2011 ते 2013 अटलांटिक सिटी, आणि 2014 ला वरात परत लेक प्लॅसिडला.

माझं घर ऑल्बनीहून वीस-पंचवीस मिनिटांवर, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. ऑल्बनीत सगळं होतं. हायवे दारात, पार्किंग, हॉटेलं, मोठं स्टेडियम. आणि तेच नडलं. 2010 ला आमचं युनियन पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचलं. दोन-सव्वादोन हजार मुलांचं कॉलेज, गावात केवढी हवा! आत गेलो तर वरच्या मजल्यावर माझ्या रांगेत मी आणि बायको, मध्ये आमचे कोट. खाली अर्धं स्टेडियम कॉर्नेलच्या लाल रंगाचं. 3-0 ने हरलो. सामना संपल्यावर बाहेर आलो तर रस्त्यावर नेहमीचा शनिवार, कुणाला पत्ताही नाही की आत काही झालं. ती गोष्ट हरण्यापेक्षा जास्त लागली.

तुम्ही कुठकुठे गेलात, कसं वाटलं, लिहा. बाकीच्या कॉन्फरन्सवाल्यांनीही लिहावं.

इथाकाचा_जुना_विद्यार्थी

त्या लाल रंगातला एक मी. 2003 चा अंतिम सामना ऑल्बनीतच पाहिला, कॉर्नेल विरुद्ध हार्वर्ड. शेवटच्या मिनिटात बरोबरी, ओव्हरटाइममध्ये 3-2. अजून अंगावर काटा येतो. त्यामुळे ऑल्बनीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण एक सांगतो. आमच्या लायना रिंकमध्ये एक प्रथा आहे. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना सगळे वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात, म्हणजे तुम्ही कोण आम्हाला काय त्याचं. मग त्याच कागदाचे बोळे करून फेकायचे. लायना छोटं, छत खाली, तिथे हजारो पानांची फडफड एकदम येते. तीच गोष्ट ऑल्बनीत केली तर आवाज वर जाऊन विरला. कागद तेच, माणसं बऱ्यापैकी तीच. जागा मोठी पडली की टवाळीसुद्धा केविलवाणी वाटते.

पोट्सडॅमकर

मी क्लार्कसनला एमएस केलं. आमच्याकडे मार्चमध्ये दोनच विषय असतात, बर्फ कधी वितळणार आणि संघ प्लॅसिडला जाणार का.

लेक प्लॅसिड कुणाच्याच वाटेवर नाही. जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव, ॲडिरॉन्डॅक डोंगरांत. ऑल्बनीकडून येताना नॉर्थवे हा हायवे सोडून 73 नंबरच्या रस्त्याला लागलात की फोनची रेंज येते-जाते, शेवटी कॅस्केड तळ्यांपाशी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. आम्हाला मात्र पोट्सडॅमहून दीड-पावणेदोन तास. सेंट लॉरेन्सवाले आमचे शेजारी, दहा मैलांवर. वर्षभर एकमेकांचं तोंड पाहत नाही, पण प्लॅसिडच्या बाजूने मत द्यायला दोघंही एक.

दूर आहे, तर मग लोक का जातात? कारण तिथे गेल्यावर दुसरं काही नाही. एक मेन स्ट्रीट. त्या रस्त्यावर चारही कॉलेजांचे लोक दोन दिवस एकमेकांना आपटत असतात. कॉफीच्या रांगेत पुढे येलचा टोपीवाला, मागे कोलगेटचं आख्खं कुटुंब. एका खेळाडूचे आईवडील आमच्या टेबलाशी येऊन बसले, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. त्याच्या वडलांनी मला ऑफसाइड समजावून सांगितलं, मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या हलवून. दोन वर्षं सामने पाहत होतो, तेव्हा कुठे कळलं.

आणि रिंक कोणतं! 22 फेब्रुवारी 1980 ला अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत संघाला 4-3 हरवलं ते हेच. आता त्याला त्यांचे प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचं नाव आहे. आमची पोरं त्या बर्फावर सरावाला उतरली की आधी नुसती वर बघत गोल फिरतात.

न्यूहेवनची_सई

अटलांटिक सिटीचं कुणीतरी लिहायलाच हवं, म्हणून मी.

2013 ला गेलो होतो, येलसाठी. बोर्डवॉक हॉल इमारत म्हणून अफाट सुंदर आहे. 1929 ची, कमानदार छत, जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गन तिथे आहे, मिस अमेरिका तिथेच व्हायची. पण हॉकीला? बाहेर समुद्राचा बोचरा वारा, अर्ध्या दुकानांची शटरं खाली, दोन्ही अंगांना कसिनो. आणि स्पर्धा कॉलेजच्या पोरांची, ज्यांतल्या निम्म्यांना एकवीस पूर्ण नाहीत म्हणून कसिनोत पाऊलही टाकता येत नाही! हा हिशोब कुणी केला असेल देव जाणे. बँडची पोरं बिचारी बोर्डवॉकवर टॅफी खात हिंडत होती.

आम्ही उपांत्य सामना युनियनकडून 5-0 हरलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेचा सामना क्विनिपिॲककडून (हेही ईसीएसीतलंच कॉलेज) 3-0. त्या दुपारी हॉलमध्ये इतकी शांतता होती की बेंचवरून खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते वरपर्यंत ऐकू येत होतं. काठी बर्फावर आपटल्याचा प्रतिध्वनी यायचा. नवरा म्हणाला, आपण सामना बघतोय की सराव?

आणि तीन आठवड्यांनी पिट्सबर्गला राष्ट्रीय अंतिम सामन्यात येल आणि क्विनिपिॲकच, आणि येल 4-0! त्याला मात्र आम्ही गेलो नाही. अटलांटिक सिटीत पैसे संपले होते.

एडिसनचा_बंड्या

सईताई, अटलांटिक सिटीवर एवढा राग नको. 2022 चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथेच झालं की. आम्ही एडिसनवाले दोन तासांत पोचलो, ढोलताशे गाडीत घालून. गाव तेच, वाराही तोच असेल. फरक एवढाच की मराठी माणूस न्यू जर्सीत ढिगाने आहे आणि ईसीएसीचं जर्सीतलं कॉलेज एकच, प्रिन्स्टन. ते 2013 च्या चौघांत नव्हतं. पोट्सडॅमवाल्यांना सात-आठ तास गाडी हाकायला लावून वर गर्दी नाही म्हणायचं?

पोट्सडॅमकर

बंड्या, एकदम बरोबर. आमच्यातलं कुणीही गेलं नाही. संघच पोचला नाही ते सोडा, पोचला असता तरी नसतो गेलो.

सेंटपॉलची_मावशी

पश्चिमेकडची बाजू मांडते. जुन्या डब्ल्यूसीएचए या आमच्याकडच्या कॉन्फरन्सची स्पर्धा आमच्या सेंट पॉलला एक्सेल एनर्जी सेंटरमध्ये व्हायची, 'फायनल फाइव्ह'. मिनेसोटाचे लोक घरचेच आणि नॉर्थ डकोटाचे गाड्या भरभरून येणारे. तटस्थपणाच्या नावाने शंख, पण जागा भरायची. नॉर्थ डकोटाच्या हिरव्या स्वेटरवाल्यांनी सेव्हन्थ स्ट्रीट बंद पाडलेला मी पाहिलाय.

मग 2013 ला कॉन्फरन्सेस फुटल्या. बिग टेन ही नवी हॉकी कॉन्फरन्स आली, तिने एक वर्ष सेंट पॉल, एक वर्ष डेट्रॉइट असं चार वर्षं केलं. कागदावर कसं न्याय्य! प्रत्यक्षात सेंट पॉलला मिशिगनवाले येईनात आणि डेट्रॉइटला आम्ही जाईना. एकदा मी ऑफिसमधून फुकट मिळालेली तिकिटं वाटायला निघाले, तर घेणारा मिळेना. ती दोन तिकिटं अजून फ्रीजवर चुंबकाखाली आहेत.

2018 पासून त्यांनी गावाचा नादच सोडला. ज्याचं मानांकन वर, त्याच्या रिंकवर सामना. लोक म्हणाले हा घरच्याला झुकतं माप देण्याचा प्रकार. तर 2022 ला आमच्या मिनेसोटा विद्यापीठाच्या मॅरिउची रिंकवर मिशिगन आलं आणि 4-3 ने कप घेऊन गेलं. 2023 ला पुन्हा आलं, पुन्हा 4-3. घरी बोलावून दोनदा मार खाल्ला. पण रिंक दणाणलं होतं, हे कबूल करते.

रिंकमागचा_माणूस

मी काही वर्षं स्टेडियम भाड्याने देण्याच्या धंद्यात होतो (कुठल्या ते विचारू नका). थोडं पडद्यामागचं.

गाव ठरतं ते प्रेमाने नाही. कॉन्फरन्स प्रस्ताव मागवते. त्यात पहिला प्रश्न भाडं की हमी, म्हणजे तुम्ही आमच्याकडून पैसे घेणार की उलट आम्हाला ठरावीक रक्कम देणार. मग हॉटेलच्या किती खोल्या अडवून ठेवता, कोणत्या दराने. मार्चचा तो शुक्रवार-शनिवार खरंच मोकळा आहे का, कारण मोठ्या स्टेडियममध्ये एनएचएल (व्यावसायिक हॉकी), बास्केटबॉल, गाण्याचे कार्यक्रम असतात आणि कॉलेज हॉकी त्या रांगेत शेवटची. चार संघांना चार ड्रेसिंग रूम, आणि सकाळच्या सरावाला बर्फ.

इथे लेक प्लॅसिड बाजी मारतं. 1932 च्या ऑलिंपिकचं रिंक त्याच इमारतीत शेजारी आहे. एकीकडे सामना चालू असताना दुसरीकडे सराव. शिवाय ते सगळं राज्य सरकारच्या प्राधिकरणाचं, त्यांना मार्चमध्ये गावात माणसं हवीच असतात. मोठ्या शहराला तुम्ही आलात काय नि न आलात काय.

बॉस्टनचं वेगळं. हॉकी ईस्ट या तिकडच्या कॉन्फरन्सला तिथे डोकं लावावंच लागत नाही. मुलं ट्रॅममध्ये बसून नॉर्थ स्टेशनला उतरतात, वर टीडी गार्डन स्टेडियम. मेन राज्यातले लोक मात्र चार-चार तास गाडी चालवत येतात आणि आवाज त्यांचाच जास्त.

इथाकाचा_जुना_विद्यार्थी

प्लॅसिडचं एक दुखणं राहिलंच. खोल्या! गाव छोटं म्हणून संघ जिंकायच्या आधीच बुक करावं लागतं. 2020 ला कॉर्नेल देशात पहिल्या नंबरवर होतं. मी फेब्रुवारीतच एका मोटेलात पैसे भरले, परत न मिळणारे. 12 मार्चला सगळंच रद्द झालं. मोटेलवाल्याने उत्तरादाखल पुढच्या हंगामाच्या शुभेच्छा पाठवल्या. पुढच्या हंगामात कॉर्नेल खेळलंच नाही.

नाशिकच्या_काकू

मी सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण हा अनुभव माझ्याकडेही आहे. मुलगा कॉर्नेलला. 2024 च्या मार्चमध्ये मी त्याच्याकडे होते, तर म्हणाला आई, चल. मला वाटलं थंड हवेचं ठिकाण दाखवतोय. साडेचार तास गाडीत, बाहेर बर्फ पडतंय, आणि दाखवलं काय तर आत आणखी बर्फ.

दोन स्वेटर, शाल, कानटोपी अशी बसले होते. शेजारी सेंट लॉरेन्सच्या बाजूच्या एक आजी, माझ्याच वयाच्या, मांडीवर ब्लँकेट. मध्यंतरात मी डब्यातले धपाटे काढले, त्यांनी अर्धं ब्लँकेट माझ्या पायावर टाकलं. त्यांचा नातू की कोण खेळत होता, नीट कळलं नाही. आम्ही 3-1 जिंकलो तेव्हा मला टाळ्या वाजवायची चोरी झाली, त्यांचं ब्लँकेट अजून माझ्या पायावर होतं.

दुसऱ्या दिवशी गोठलेल्या लेक प्लॅसिडसमोर फोटो काढला आणि परत. गाव फार आवडलं. महाबळेश्वरला गर्दी नसती तर असंच वाटलं असतं.

पोट्सडॅमकर

काकू, मस्त! फक्त एक बारीकशी दुरुस्ती. मेन स्ट्रीटला लागून जे तळं आहे ते मिरर लेक. खरं लेक प्लॅसिड त्याच्या उत्तरेला, गावातून दिसत नाही.

नाशिकच्या_काकू

असू दे रे. भिशीच्या ग्रुपवर लेक प्लॅसिड म्हणून गेलाय तो, आणि सगळ्यांनी छान छान म्हणून झालंय.