अकिलीस कुरकुरतोय, हाफ मॅरेथॉन सात आठवड्यांवर: १:४५ चा नाद सोडावा का?

हाफवेडा
नमस्कार मंडळी. आधी आकडे देतो, म्हणजे नेमकं सांगता येईल.

हाफचा पीबी (आजवरची माझी सर्वोत्तम वेळ) १:४७:१२, म्हणजे तास:मिनिटं:सेकंद. लक्ष्य १:४५ च्या आत. पाच आठवड्यांपूर्वी १० किमी ४७:५० मध्ये. आठवड्याला ४५ किमी, पाच दिवस. तीन आठवड्यांपूर्वी चढाचे रिपीट (चढावर पुन्हा पुन्हा जोरात धावणं) सुरू केले आणि त्याच आठवड्यात ४ मिमी ड्रॉपचे (ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक) नवे बूट घेतले (त्याआधीचे १० मिमी). तेव्हापासून डावा अकिलीस (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा टेंडन, म्हणजे जाड दोर) दुखतो. दुखणारी जागा टाचेच्या हाडापासून साधारण चार बोटं वर, चिमटीत धरून दाबली की कळ येते. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय आखडलेला. धावताना पहिले दोन किमी दहापैकी ३, मग दुखणं गायब, संध्याकाळी पुन्हा हजर. सूज नाही.

प्रश्न तीन. पूर्ण विश्रांती घ्यावी का? पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून ताण देतोय, ते बरोबर आहे का? आणि १:४५ अजून शक्यतेत आहे का?

पोटरीपुराण
चार बोटं वर म्हणजे टेंडनचा मधला भाग. हे बरं झालं, कारण अगदी हाडाला चिकटतो तिथे दुखत असतं तर व्यायामही वेगळा सांगावा लागला असता.

कारण तुम्हीच लिहिलंय. चढावर टाच खाली जाते आणि पोटरी ताणलेल्या अवस्थेत जोर लावते. कमी ड्रॉपच्या बुटात सपाटीवरही थोडं तेच होतं. दोन्ही एकाच आठवड्यात आले, टेंडनला जुळवून घ्यायला वेळच मिळाला नाही. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतो, टेंडनला महिने लागतात.

पूर्ण विश्रांती नको. तीन आठवडे बसलात तर दुखणं जाईल, पण टेंडनची ताकदही उतरेल. मग परतल्यावर पहिल्या टेम्पोला (सलग वेगाच्या धावेला) हेच, आणि हातात आठवडे चारच. भार कमी करायचा, शून्य नाही.

किती भार चालेल हे धावताना कळत नाही. टेंडन गरम झाला की गप्प बसतो, तुमचे ते "दोन किमीनंतर गायब" हेच आहे, आणि त्यावरच बहुतेक जण फसतात. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून अनवाणी पहिली दहा पावलं कशी पडतात ते बघा. आखडलेपणा किती मिनिटं टिकला ते लिहून ठेवा. मग दात घासताना डाव्या एका पायावर पाच वेळा टाच उचला आणि दुखण्याला दहापैकी गुण द्या. रोज याच क्रमाने, चहाच्या आधी.

वाचायचं असं: आदल्या दिवशीइतकंच किंवा कमी, तर ठरलेलं पुढे करा. गुण एकाने वाढले किंवा आखडलेपणा पाच-दहा मिनिटं जास्त टिकला, तर आज धावायचं नाही, सायकल. सलग दोन सकाळी वाढलेलं असेल तर मागच्या आठवड्याच्या अंतरावर परत. धावताना ३ पर्यंत चालेल. संशोधनात ५ पर्यंत दुखू देऊनही रुग्ण बरे झालेले आहेत, पण त्यांच्यापुढे सात आठवड्यांत पीबीची शर्यत नव्हती.

पायरीवरचा ताण थांबवा. त्याने टेंडन मजबूत होत नाही. ते काम वजन घेऊन टाच उचलण्याचं.

पहिला आठवडा: टाच अर्धी उचलून धरून ठेवायची, ४५ सेकंद, ५ वेळा, मध्ये दोन मिनिटं. दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा दोन व्यायाम, एक गुडघा सरळ ठेवून, दुसरा वाकवून. वाकवलेला टाळू नका. धावताना सर्वात जास्त भार सोलियस (पोटरीतला आतला स्नायू) घेतो आणि गुडघा वाकवल्यावरच तो नीट एकटा पडतो. ३ सेकंद वर, ३ सेकंद खाली, घड्याळाकडे बघून. आधी ३ × १५, दोन आठवड्यांनी ४ × १०, मग ४ × ८. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. न गेल्यास वजन वाढवा. रोज १८० वेळा टाच खाली सोडायची जी जुनी पद्धत आहे तीही चालते, पण धावण्याबरोबर तिची गर्दी फार होते.

समपातळी
बाकी सगळं ठीक, पण १:४५ बद्दल हिशोब करू या.

४७:५० च्या १० किमीवरून हाफचा अंदाज काढायचं नेहमीचं सूत्र: वेळ गुणिले अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. उत्तर येतं १:४५:३२. म्हणजे पाय ठणठणीत असतानाही १:४५ काठावर होतं. त्याला किमीमागे ४:५८ लागतो. आणि पीबीला? १:४७:१२ म्हणजे ५:०५. ५:०४ ने धावलात तर १:४६:५४.

या दोन लक्ष्यांत किमीमागे सहा सेकंद आहेत. दुखऱ्या टेंडनला हे सहा सेकंद महाग पडतात, कारण वेग वाढला की प्रत्येक पावलाला पोटरीवरचा भार वाढतो. १:४५ गोल आकडा आहे म्हणून डोक्यात बसलाय. यावेळी पीबीच्या मागे लागा, १:४५ ला पुढची शर्यत आहे.

सात आठवडे असे मांडेन:

आठवडा १ आणि २: तीन धावा, मिळून २२ ते २५ किमी, सपाट, ६:०० किंवा हळू. सायकल तीनदा: दोनदा तासभर आरामात, एकदा ५ × ४ मिनिटं बोलता येणार नाही इतक्या जोरात, मध्ये २ मिनिटं हलकं. दम टिकवायचं काम हे सायकल करते. पेडल चवड्याने नाही, पावलाच्या मध्याने दाबा, घोट्यावर भार कमी येतो.

आठवडा ३: चार धावा, ३० किमी, लाँग रन (आठवड्यातली सर्वात लांब धाव) १४. एका दिवशी ४ × ५ मिनिटं ५:१० ने.

आठवडा ४: ३५ किमी, लाँग रन १७ पूर्ण आरामात. दुसऱ्या दिवशी नाही, तीन दिवसांनी ३ × १० मिनिटं ५:०४ ने.

आठवडा ५: ३८ किमी. लाँग रन तोच १७, पण शेवटचे ५ किमी ५:०५ ने. अंतर आणि पेस (किमीमागचा वेग) एकाच दिवशी कधीच वाढवायचे नाहीत.

आठवडा ६: २८ किमी, त्यात २ × १५ मिनिटं ५:०३ ने. आठवडा ७: शर्यतीआधी एकूण १२ ते १५ किमी, चार दिवस आधी ३ × ३ मिनिटं शर्यतीच्या पेसने. टेपरमध्ये (शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या काळात) अंतर निम्म्यावर आणा, पेस उतरवू नका.

चढ नाही, ४०० मीटरचे फटके नाहीत. कठीण दिवसांत निदान ४८ तासांचं अंतर. मोठ्या भारानंतर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमध्ये कोलॅजेन (टेंडन ज्याचा बनतो ते प्रथिन) बांधलं कमी आणि मोडलं जास्त जातं. वजनाचा व्यायाम कठीण धावेच्याच दिवशी संध्याकाळी करा, म्हणजे मोकळा दिवस खरंच मोकळा राहतो. शेवटचं जड सत्र शर्यतीच्या आठ दिवस आधी.

शंकेखोर
दोघांचंही वाचलं. मला एवढा उत्साह नाही, म्हणून उलट बाजू.

तुम्ही वर्णन केलंय ते टेंडनचंच वाटतं, पण पडद्यामागून सांगितलेलं निदान ते निदान नव्हे. फिजिओला किंवा क्रीडा-वैद्यकाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. ताबडतोब जायची लक्षणं वेगळी: मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका किंवा आवाज, आणि चवड्यावर उभं राहता न येणं (पोटरी दाबल्यावर पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलेला असू शकतो). हाडावर बोटाएवढ्या एकाच जागी दुखणं, रात्री झोपेत ठणकणं, एका पायावर उडी मारली की तीच कळ, हे हाडाच्या फ्रॅक्चरकडे बोट दाखवतं आणि तिथे "३ पर्यंत चालेल" हा नियम लागू नाही. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी तपासून घ्या.

गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलंय का? या गटातल्या प्रतिजैविकांनी अकिलीस दुखावतो, कधी तुटतोही. घेतलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

शर्यतीच्या सकाळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे गिळून धावू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो, आतड्यालाही त्रास होतो, आणि ज्या दुखण्यावरून थांबायचं ठरवायचं तेच झाकलं जातं. अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन "शर्यतीपुरतं" म्हणून तर अजिबात नको.

आणि नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलायची किंवा १० किमीत बदलायची शेवटची तारीख आजच बघून ठेवा. ती बहुधा निर्णयाच्या आधीच निघून जाते.

हाफवेडा
सर्वांचे आभार. प्रतिजैविक नाही, रात्री ठणका नाही, एका पायावर उडी मारल्यावर २. फिजिओची वेळ गुरुवारची घेतली.

राहिलेले प्रश्न: बसून टाच उचलायचं यंत्र नाही, काय करू? बूट तीन आहेत: जुने १० मिमी (६०० किमी झालेले), नवे ४ मिमी, आणि कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी असलेले शर्यतीचे बूट), जे अजून डब्यातून काढलेले नाहीत. शर्यतीला कोणते? आणि थांबायचं कधी ठरवू?

पोटरीपुराण
यंत्राशिवाय: पाठीवर पुस्तकांची किंवा पाण्याच्या बाटल्यांची सॅक, बोटांचा आधार भिंतीला, दुखऱ्या पायाचा गुडघा थोडा वाकवून एका पायावर टाच उचला. गुडघा सुरुवातीला जितका वाकला तितकाच शेवटपर्यंत राहिला पाहिजे. दमल्यावर तो गुपचूप सरळ होतो आणि सोलियस सुटतो. बाजूने मोबाइलवर एक सेट चित्रित केलात की लगेच दिसेल. सुरुवातीला सॅकमध्ये ५ किलो, मग दर आठवड्याला २-३ किलो. आणि उजवाही करा. एकेका पायावर वजनाशिवाय किती वेळा टाच उचलता येते ते आज मोजा. वीस-पंचवीस जमायला हव्यात. डावा उजव्यापेक्षा पाचने मागे असेल तर कमजोरी कुठे आहे ते कळलं.

बूट: ४ मिमीचे कपाटात. तेच मॉडेल नसलं तरी १० मिमी ड्रॉपचे नवे घ्या. ६०० किमी झालेल्यांचा फोम टाचेकडे दबलेला असतो, म्हणजे १० मिमी आता १० राहिलेले नसतात. पहिले दोन-तीन आठवडे टाचेखाली ८ ते १० मिमीची पाचर, दोन्ही बुटांत. नंतर एकदम नाही, थोडी थोडी करून काढायची. कार्बनवाले वाईट नाहीत, पण त्यात पाऊल वेगळं पडतं आणि भार दुसरीकडे सरकतो. चौथ्या आणि पाचव्या आठवड्याच्या पेसच्या धावा त्यात करून दुसऱ्या सकाळी गुण वाढले नाहीत, तरच शर्यतीला घाला. डब्यातून थेट सुरुवातीच्या रेषेवर नको.

चवड्यावर धावायचा प्रयत्न आत्ता करू नका, टेंडनवरचा भार वाढतो. पावलं किंचित आखूड आणि जलद करून बघा, मिनिटाला आहेत त्याच्या पाच टक्के जास्त. त्याहून जास्त ओढाताण नको.

निर्णय पाचव्या आठवड्याच्या लाँग रननंतरच्या दुसऱ्या सकाळी. पाच टाच-उचलीत २ किंवा कमी, आखडलेपणा दहा मिनिटांच्या आत, आणि शेवटचे ५ किमी ठरल्या पेसने न लंगडता झाले, तर पीबीसाठी धावा. यातलं एक चुकलं तर शर्यत ५:३० ने, आरामात. दोन चुकली तर घरी.

समपातळी
शर्यतीचा दिवस थोडक्यात. सुरुवातीच्या कोंडाळ्यात वीस मिनिटं थंड उभं राहणं अकिलीसला सर्वात वाईट. आत जायच्या आधी १२ मिनिटं हलकं धावा, ६० मीटरचे तीन वेग घ्या, आणि आत उभ्याउभ्या दर काही मिनिटांनी दहा टाच-उचल.

पहिले ५ किमी ५:०८ ने, म्हणजे २५:४०. नंतर ५:०३. त्यानुसार १० किमी ५०:५५, १५ किमी १:१६:१०, २० किमी १:४१:२५, शेवट १:४६:५७. पंधरा सेकंद खिशात. पहिल्या दोन किमीत २ गुण दुखलं तर घाबरू नका, ते गरम होण्याचं आहे. नंतर ५ च्या वर जाऊन चढत राहिलं, किंवा दोन पावलांचा आवाज वेगळा यायला लागला (इअरफोन काढून ऐका), तर थांबा. १५ व्या किमीला सगळं शांत असेल तरच हात मोकळा सोडा.

जेल, पाणी जसं नेहमी घेता तसंच. त्यात आता प्रयोग नकोत.

हाफवेडा
घड्याळावर ५:०३ दिसला की पुरे ना?

समपातळी
नाही, आणि इथेच पंधरा सेकंद जातात. मोजलेलं अंतर २१.०९७५ किमी, पण वळणं बाहेरून घेतल्यामुळे आणि जीपीएसच्या चुकीमुळे घड्याळ शेवटी २१.३ च्या आसपास दाखवतं. त्या हिशोबाने घड्याळावर सरासरी ५:०२ दिसत असतानाही वेळ येते १:४७:१२, म्हणजे पीबीची बरोबरी. ५:०१ दिसायला हवा. त्यापेक्षा ऑटो लॅप (घड्याळाने प्रत्येक किमीची वेळ आपोआप नोंदणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या प्रत्येक किमीच्या फलकापाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. आणि वेळ सुरुवातीच्या मॅटवर पाय पडल्यावर सुरू करा, बंदूक वाजल्यावर नाही. तुमचा १:४७:१२ चिप टाइम (मॅटपासून मोजलेला) होता की गन टाइम (बंदुकीपासून मोजलेला), तेही एकदा प्रमाणपत्रावर बघून घ्या.