मदत हवी आहे: मोठ्या पॅराबोलिक छत्रीचा प्रकाश मधेच का साठतोय?

नमस्कार मंडळी. घरच्याच हॉलचा फोटो स्टुडिओ केलाय, छत जेमतेम ९ फूट. गेल्या महिन्यात १५० सेंटिमीटरची खोल पॅराबोलिक छत्री घेतली. आतून चंदेरी, १६ काड्यांची, आणि फ्लॅश उलटा, छत्रीच्या पोटाकडे तोंड करून लावायचा. (ब्रॉनकलर कंपनीच्या महागड्या ‘पॅरा’ छत्रीचं स्वप्न स्वप्नातच ठेवलंय.)

परवा पैठणीचं शूट होतं. चेहरा छान उजळला, पण पदरावरची जर एका पट्ट्यात भाजल्यासारखी पांढरी आणि खाली निऱ्यांपर्यंत अंधार. मॉडेलच्या जागी उभं राहून छत्रीचाच फोटो काढला तर मधला गोल लखलखीत आणि कडेच्या फूटभर पट्टीत काहीच नाही! म्हणजे पैसे ५ फुटांचे, उजेड ३ फुटांचा.

दांड्यावर फ्लॅश मागेपुढे सरकवून पाहिला. फरक पडतो, पण कडा पेटत नाहीत. माझा फ्लॅश २०० वॉटसेकंदांचा, सपाट तोंडाचा आहे. ट्यूब बाहेर आलेली नसल्यामुळे उजेड बाजूला पसरतच नाही, असा माझा अंदाज. बेअर बल्ब हेड (उघडी, बाहेर आलेली ट्यूब असलेलं तोंड) लावून कुणाला खरंच फरक दिसलाय का?

डिफ्यूझर (उजेड मऊ करणारं पांढरं कापड) लावायचा सल्ला कृपया नको. मग तो साधा सॉफ्टबॉक्सच होतो, आणि मला जरीची ती धारदार चमकच हवी आहे, फक्त आटोक्यात.

अजून एक: छत्री वरून तिरकी केली की पंख्याला अडते. कमी उंचीत तुम्ही कशी लावता? पंखा काढायला आई तयार नाही.