एकादशी दोन दिवस का? ‘एकच तारीख ठरवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तुळशीमाळ
‘सरळरेषा’ यांनी काल लिहिलं की कॅलेंडरात सोमवारी स्मार्त (स्मृतिग्रंथांची रीत पाळणाऱ्यांची) आणि मंगळवारी भागवत (वारकरी-वैष्णवांची) एकादशी छापणं म्हणजे भाविकांना खुळं बनवणं आहे, सरकारनं एक दिवस ठरवावा आणि दुसरा बंद करावा. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल कमीजास्त असते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. रात्री बाराला सुरू होऊन बाराला संपायचं बंधन तिला नाही. मग व्रताचा दिवस कुठला, हे माणसांनाच ठरवावं लागलं. ढोबळमानाने स्मार्त सूर्योदयाला कुठली तिथी आहे ते बघतात. भागवत अरुणोदय बघतात, म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटका, ९६ मिनिटं. त्या वेळात दशमी शिल्लक असली, म्हणजे दशमीचा वेध असला, की व्रत दुसऱ्या दिवशी. वर्षाच्या चोवीस एकादश्यांत बहुतेक वेळा दोघांचा दिवस एकच येतो.

माझे आजोबा माळकरी, आजी माहेरच्या वळणानं स्मार्त. तिचा उपास सोमवारी, त्यांचा मंगळवारी. ती उपाशी असताना त्यांना वाढायची, दुसऱ्या दिवशी ते तिला जेवायला बसवून मग भजनाला जायचे. पन्नास वर्षांच्या संसारात यावरून शब्दानं शब्द वाढला नाही. एक दिवस सक्तीचा करायचा म्हणजे त्या दोघांपैकी एकाचं व्रत खोटं ठरवायचं. तो अधिकार तुम्हाला कुणी दिला?

सरळरेषा
अधिकाराची भाषा नको. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. देशाचं काही बिघडलं नाही. आणि एकादशीच कशाला, टिळक पंचांगवाल्यांची संक्रांत १० जानेवारीला, बाकीच्यांची १४-१५ला. माझं सासर टिळक पंचांगाचं, माहेर दात्यांचं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला वाण कधी द्यायचं यावरून दोन्ही घरांत आठवडाभर अबोला होता. परंपरेची श्रीमंती सांगणाऱ्यांनी तो आठवडा काढून दाखवावा.

घटिकापात्र
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. संक्रांतीचा फरक अयनांशाचा आहे, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची याचा. तिथी सूर्य-चंद्रातल्या अंतरावर ठरते, तिथे अयनांश दोन्हीकडून वजा होतो. त्यामुळे दाते काय, टिळक काय, तिथी तीच. अधिक मास कुठला यात मात्र फरक पडतो.

दुसरं, सूर्योदय गावागणिक बदलतो. नागपूरचा सूर्य रत्नागिरीच्या आधी वीसेक मिनिटं उगवतो. तिथी त्या वीस मिनिटांत बदलली तर कुठल्या गावाचा सूर्य सरकारी धरणार? आणि राष्ट्रीय दिनदर्शिकेबद्दल एवढा विश्वास आहे, तर आजची सौर तारीख न बघता सांगा.

सरळरेषा
नाही सांगता येत. पण ती तारीख लोकांनी स्वीकारली नाही म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. साधी सोय मागतेय.

उंबरठा
घटका-पळं झाली असतील तर स्वयंपाकघरात या. दोन एकादश्या आल्या की आमच्याकडे साबुदाणा सलग दोन दिवस. सासूबाई स्मार्त, मामंजी भागवत, आणि खिचडी, भगर, दाण्याची आमटी करणारी मी. माझा उपास कुठल्या दिवशी, हे कुणी विचारलेलं नाही.

शिवाय हा साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणाही तिकडचेच, मिरचीही अमेरिका खंडातलीच. ज्ञानेश्वरांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. ते चालतं आणि मूठभर भात चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

तुळशीमाळ
साबुदाण्याचं मान्य, नाइलाजानं. पण भात न खाणं हा शिस्तीचा भाग आहे, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. सोयीनुसार नियम मोडायचे तर व्रत कशाला घेता? जमत नसेल तर करू नका.

उंबरठा
जमत नसेल तर? मामंजींना वीस वर्षं मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. मागच्या कार्तिकीला सकाळी सुई घेतली आणि दिवसभर पाण्यावर राहिले. संध्याकाळी हरिपाठाला बसल्या जागी घामानं चिंब होऊन कोसळले. साखर तोंडात मी घातली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य होतं, ‘व्रत मोडलं माझं.’ ती शिस्त असली वाक्यं लिहिणाऱ्यांनीच त्यांच्या डोक्यात भरली.

तुळशीमाळ
संप्रदायावर ढकलू नका. हा घरच्यांचा निष्काळजीपणा. इन्शुलिन घेऊन उपाशी राहू कसं दिलंत?

सरळरेषा
हे शब्द मागे घ्या. एक बाई सासऱ्याचा जीव वाचवल्याचं सांगतेय आणि तुम्ही तिलाच दोष देताय. हीच तुमची भागवत परंपरा?

घटिकापात्र
भांडण थांबवा, कारण इथे शास्त्र उंबरठाताईंच्या बाजूनं आहे. एकादशीची सक्ती आठ वर्षांवरच्यांना आणि ऐंशीच्या आतल्यांना, हे धर्मग्रंथांत स्पष्ट आहे. ज्यानं व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींचा प्रसिद्ध श्लोक आहे: पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य (हवनाचं सात्त्विक अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. मामंजींच्या तोंडातली साखर हे औषधच होतं. त्यांचं व्रत मोडलेलं नाही. गीतेचा सहावा अध्यायही अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असंच सांगतो. पुरीला तर जगन्नाथाच्या महाप्रसादाचा भात एकादशीलाही घेतात. देवळागणिक रीत वेगळी, आणि म्हणूनच एक तारीख, एक नियम या मागणीला माझा विरोध कायम आहे.

तुळशीमाळ
उंबरठाताई, निष्काळजीपणाचा शब्द मागे घेतो. ‘जमत नसेल तर करू नका’ हे धडधाकट माणसांसाठी होतं, तसं लिहायला हवं होतं. दोन दिवसांबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

सरळरेषा
मीही मागणी सोडलेली नाही. पण दोन दिवस छापायचेच असतील तर शेजारी कारण छापा: अरुणोदयाला दशमी, म्हणून भागवत उद्या. आणि आषाढी-कार्तिकीच्या पानावर आजाऱ्यांनी औषध-अन्न घेतल्यानं व्रत मोडत नाही, ही ओळ ठळक टाका. तेवढ्याला तरी कुणाची परंपरा आड येऊ नये.

उंबरठा
श्लोकाचा प्रतिसाद मामंजींना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. म्हणाले, फडावरच्या महाराजांना विचारून सांगतो. तोवर येत्या एकादशीला सुई आणि दूध दोन्ही मी समोर ठेवणार आहे, दिवस स्मार्त असो की भागवत.