दोघंच, मोटरहोम आणि पूर्व युरोप – २८ दिवसांत जमेल का?

रिकामा_कॅशियर:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

मार्चमध्ये बँकेतनं रिटायर झालो, बायको शाळेतनं दोन वर्षं आधीच मोकळी झालीये. लेक म्युनिकला असते, तिच्याकडे दोनदा जाऊन आलोय, म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे बसमधनं उतरा, फोटो काढा, चढा करून झालंय आणि आता तसलं काही नको असं दोघांचंही मत आहे (आमचं एकमत होतं असे विषय कमी, म्हणून मुद्दाम सांगतोय). तर डोक्यात असं आलंय की म्युनिकहून मोटरहोम (म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची आणि सप्टेंबरभर पूर्वेकडे भटकायचं. रूट असा काढलाय: म्युनिक, प्राग, क्राकोव्ह, तात्रा डोंगर, बुडापेस्ट, तिथून रोमानियात सिबिउ-ब्राशोव्ह, मग सर्बिया, बोस्निया करत क्रोएशियाचा समुद्र, स्लोव्हेनिया आणि परत म्युनिक. एकूण २८ दिवस.

गाडी ३० वर्षं चालवतोय, पुणे-स्पिती स्वतःच्या गाडीने केलंय, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी नाही आणि सात मीटर लांबीचं धूड तर नाहीच नाही. लेक म्हणते बाबा ट्रेनने जा. जावई काही म्हणत नाही, नुसता हसतो.

टोल, गॅस, पाणी, रात्री कुठे लावायची, शाकाहारी जेवण (बायको पूर्ण शाकाहारी, मी सोयीनुसार) याबद्दल कुणी स्वतः केलेलं असेल तर सांगा. बायकोचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "संडास कोण रिकामा करणार ते आधी ठरवा, मग मी व्हिसाचे फोटो काढायला येते."

इसारकाठची:
काका, काकूंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून आधी तोच घेते. आम्ही दोघांनी दोनदा केलंय, एकदा चेक-पोलंड-स्लोव्हाकिया आणि एकदा रोमानिया. संडासाची एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात, गाडीच्या बाहेरच्या बाजूने दार उघडून ओढून काढायची, चाकं असतात तिला, कॅम्पसाइटवर ठरलेल्या जागी नेऊन ओतायची, धुवायची, निळं केमिकल घालायचं, परत ढकलायची, पाच मिनिटांचं काम. १७-१८ लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. आमच्याकडे नवरा करतो कारण पहिल्या दिवशी तो "त्यात काय" म्हणाला होता. तुम्ही असं काही म्हणू नका.

आता रूट. काका, रागावू नका पण हा रूट २८ दिवसांचा नाही हो. म्युनिक-प्राग ३८० किलोमीटर, प्राग-क्राकोव्ह ५४० च्या आसपास, क्राकोव्ह-बुडापेस्ट ४०० आणि बुडापेस्टहून सिबिउ आणखी साडेपाचशे, शिवाय सिबिउहून सरळ म्युनिकला यायचं तरी बाराशे-तेराशे होतात, त्यात तुम्ही बाल्कनचा वळसा घातलाय. मोटरहोमला कारचा वेळ लावायचा नाही, गूगल सहा तास म्हणाला की आठ धरायचे. आणि हे घर आहे, हॉटेल नाही, त्यामुळे रोजची घरकामं पण बरोबर येतात, पाणी भरा, भांड्यांचं पाणी सोडा, निघताना प्रत्येक कपाट बंद आहे का बघा. आम्ही पहिल्याच दिवशी फ्रिजची कडी लावायला विसरलो आणि पहिल्या गोल चौकात दही, लोणचं, अंडी सगळं एकदम बाहेर. हळदीचा डाग परत देईपर्यंत घासत होतो.

टोलचं प्रत्येक देशाचं वेगळं. ऑस्ट्रिया, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया इथे विनिएट, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास, सगळीकडे ऑनलाइन मिळतो, गाडीचा नंबर टाकायचा, काचेवर काही चिकटवायची गरज नाही. फक्त सरकारी साइटवरनंच घ्या, मधल्या दलालांच्या साइट सर्चमध्ये वर येतात आणि जास्त पैसे लावतात. हंगेरीत मोटरहोमचा वर्ग कारपेक्षा वेगळा आहे, डी-२, आम्ही घाईत कारचा घेतला आणि दोन महिन्यांनी घरी दंडाचं पत्र आलं, चूक आमचीच. रोमानियात हायवेच नाही तर साध्या नॅशनल रोडलाही पास लागतो, त्याला रोव्हिनिएता म्हणतात. क्रोएशियात आपल्यासारखे टोलनाके. पोलंडमधले सरकारी हायवे जुलै २०२३ पासून छोट्या गाड्यांना फुकट झालेत पण कातोवित्से-क्राकोव्ह पट्ट्यावर नाका आहेच. हे सगळं साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीचं, त्याच्या वर गेलात की वेगळी यंत्रं आणि वेगळा हिशेब.

गॅस: जर्मनीतला ११ किलोचा राखाडी सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही. दोन भरलेले घेऊन निघा, सप्टेंबरात दोघांना चार आठवडे आरामात जातात, फ्रिज कॅम्पसाइटवर विजेवर ठेवायचा. आणि इंडक्शन नेऊ नका! जुन्या कॅम्पसाइटवर ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे १४०० वॅटसुद्धा नाहीत, कुकर चढवला की फ्यूज उडतो आणि मग रात्री मॅनेजरला उठवा.

रात्री कुठे लावायची तर क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात कॅम्पसाइट सोडून कुठेही नाही, दंड होतो. प्रागला ट्रोया म्हणून भाग आहे तिथे लोकांनी आपल्या घराच्या परसात कॅम्पसाइट काढल्यात, सफरचंदाच्या झाडाखाली गाडी आणि दोन मिनिटांवर ट्रॅम, आम्हाला फार आवडलं.

व्हिसा_नारायण:
रूटवर बोलत नाही, कागदांवर बोलतो.

१. सर्बिया आणि बोस्निया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात) नाहीत. सिंगल एंट्री व्हिसावर सर्बियात गेलात तर परत शेंगेनमध्ये येता येणार नाही, लेक म्युनिकला आणि तुम्ही बेलग्रेडला. मल्टिपल एंट्री असेल तर सर्बिया त्याच शेंगेन व्हिसावर जाऊ देतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, रोमानिया आणि बल्गेरियाची जमिनीवरची हद्द १ जानेवारी २०२५ पासून खुली. जुने ब्लॉग वाचून गोंधळू नका.

२. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्या देशाकडे. लेकीकडचे दिवसही त्यात धरायचे. १८० दिवसांत ९० ची मर्यादा आहेच.

३. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतनं काढा, एक वर्ष चालतं. आपलं एलएमव्ही (हलक्या गाड्यांचं) लायसन ७५०० किलोपर्यंतचं असलं तरी तिकडे बी वर्ग म्हणजे ३५०० किलो. गाडी बुक करताना भरलेल्या गाडीचं वजन बघा. टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे लोक विसरतात.

४. भाड्याच्या करारात युरोपियन युनियनबाहेर न्यायला बरेचदा वेगळी लेखी परवानगी लागते. आणि इन्शुरन्समध्ये छताचं नुकसान धरलंय का ते विचारा, बरेचदा नसतं.

करवीरचा_भिडू:
काका काय टेन्शन घेताय, स्पिती केलेल्या माणसाला पोलंड म्हंजे किस झाड की पत्ती. फक्त ती सर्बिया-बोस्निया भानगड सोडा आणि पोलंडला दिवस वाढवा. आमचं कोल्हापूर आणि पोलंडचं नातं म्हाईत हाय न्हवं? १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजाराच्या आसपास माणसं, बायका आणि पोरंच जास्त, रशियानं सायबेरियात नेलेली, तिथनं सुटून इराणमार्गे आपल्याकडं आली. आज्जी सांगायची की गोरी पोरं बाजारात येऊन मराठीत भाव करायची. त्याचं स्मारक वॉर्सात आहे, मोन्ते कासिनोच्या स्मारकाशेजारी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गेलते तिथं. मी मोटरहोम क्राकोव्हच्या कॅम्पसाइटवरच ठेवली, सकाळच्या रेल्वेनं अडीच तासांत वॉर्सा, स्मारक बघितलं, तिथल्या दगडावर कोल्हापूर वाचलं आणि उगाच डोळ्यात पाणी आलं राव. संध्याकाळी परत.

व्येलिच्काची मिठाची खाण बघाच पण सुरवातीलाच खाली उतरायला ३८० पायऱ्या हायत लाकडी, काकूंचे गुडघे कसे हायत बघून ठरवा. वर यायला लिफ्ट आहे. आत १७-१८ डिग्री असतंय, स्वेटर घ्या.

आणि उंची! गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. आमची तीन मीटर होती आणि मी एका सुपरमार्केटच्या पार्किंगमधी दोन मीटरच्या आडव्या दांड्याखाली घालणार हुतो, बायको किंचाळली म्हणून वाचलो. त्या दिवसापासनं ती जे म्हणंल ते.

ट्रेनप्रेमी:
स्पष्ट बोलतो. भाडं, डिझेल, टोल, कॅम्पसाइट सगळं धरलं तर तेवढ्यात ट्रेन आणि बरी अपार्टमेंट होतात आणि वर कुणाचा संडास ओतावा लागत नाही. शिवाय प्राग, क्राकोव्ह, बुडापेस्ट तिन्हीकडे मोटरहोम गावाबाहेरच ठेवायची आहे, मग ती घेऊन जायची कशाला? मोटरहोमचं हे सगळं खूळ व्हिडिओ बघून आलेलं आहे.

इसारकाठची:
@ट्रेनप्रेमी शहरांपुरतं पटतं, खरंच पटतं. स्वस्त पडतं असं मीही म्हणणार नाही. पण रोमानियातल्या विस्क्री, बिएर्तान या तटबंदीवाल्या चर्चच्या गावांना ट्रेन जात नाही हो. आम्ही ट्रान्सफागाराशानला गेलो होतो, रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूने १९७० ते ७४ मध्ये बांधून घेतलेला घाट, वर २०३४ मीटरवर बिल्या नावाचं तळं, सकाळी सहाला दार उघडलं तर ढग खाली आणि आम्ही वर, चहा आपल्या गॅसवर आपल्या भांड्यात आलं ठेचून. हे कुठल्या अपार्टमेंटमधे मिळणार? (घाट बर्फामुळे साधारण जूनअखेर ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो, सप्टेंबर उत्तम. दक्षिणेच्या बाजूला व्हिद्रारू धरणाकडे रस्त्यावर अस्वलं येतात, काच खाली करून बिस्किटं देणारी माणसं दिसतील, तुम्ही देऊ नका, थांबूही नका.)

खादाड_माई:
काकूंसाठी लिहिते. रोमानियात हॉटेलात जाऊन "दे पोस्त" म्हणायचं, म्हणजे उपासाचं. त्यांच्या ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही पण बटाटे, सोयाबीन, घेवडा, भात, पाव सगळं चालतं, म्हणजे आपल्या एकादशीच्या बरोबर उलटं, तरी पोट भरतं. वांगं आणि लाल मिरची भाजून केलेली झाकुस्का मिळते बाटलीत, भरताची चुलतबहीण, वरून कच्चा कांदा घातला की झालं. मामालिगा म्हणजे मक्याची उकड. पोलंडमधे पिएरोगी रुस्किए मागायचे, बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले, पण वर डुकराचे तुकडे नकोत हे आधी सांगायचं. स्लोव्हाकियाच्या हालुश्कीला (बटाटा-पिठाच्या छोट्या उकडलेल्या गोळ्या) पण तेच, "बेझ स्लानिनी". हंगेरीत लांगोश, म्हणजे आपल्या भटुऱ्यासारखा, त्यावर लसूण आणि आंबट साय. चेकमधे मात्र रोज तळलेलं चीज खाऊन कंटाळा येतो, तिथे घरचं करा.

इथून नेताना तूप, पेढे, पनीर, चितळ्यांचं श्रीखंड काही भरू नका, बाहेरच्या देशातनं दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, सापडलं तर टाकून देतात. भाजणी, मेतकूट, भाकरवडी नेता येते. कुकर म्युनिकच्या लेकीचाच घ्या.

आणि भाऊ, सप्टेंबरात चेकमधल्या दक्षिण मोराव्हियात मिकुलोव्हकडे रस्त्याकडेला बुर्चाक विकतात, द्राक्षांचा अर्धवट आंबलेला रस, नीरेसारखा गोड लागतो आणि चढतो नंतर. चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, रोमानिया चारही देशात ड्रायव्हरला अल्कोहोल शून्य, तेव्हा गाडी लावल्यावरच.

रिकामा_कॅशियर:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं, दोनदा, फ्रिजचा किस्सा तीनदा.

ठरलं ते असं. सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया काढलं. क्राकोव्हही काढलं होतं पण वळिवड्याचं वाचून बायको म्हणाली ते ठेवा, तिचं आजोळ हातकणंगल्याचं, म्हणजे अगदी जवळचं, आणि तिनेही लहानपणी पोलिश लोकांच्या छावणीचं ऐकलं होतं पण तो पोलंड आणि हा पोलंड एकच हे इतक्या वर्षांत डोक्यातच आलं नव्हतं म्हणे. म्हणजे म्युनिक, प्राग, मोराव्हिया, क्राकोव्ह, तात्रा, मग हंगेरीत बालातोन तळ्यावर तीन-चार दिवस नुसतं बसणे आणि ऑस्ट्रियातनं परत. रोमानिया पुढच्या वर्षी, ट्रान्सफागाराशानसाठी वेगळं. ट्रेनप्रेमींचं पण थोडं ऐकलंय, शहरात गाडी हलवायची नाही, ट्रॅम आणि रेल्वे.

लेकीने म्युनिकबाहेरच्या एका मोकळ्या पार्किंगमधे पहिल्या दिवशी सराव करायचा अशी अट घातलीये, जावई शेजारी बसणार, म्हणजे हसायची सोय झाली.

एक शंका राहिली. ६ अँपिअरवर पाण्याची किटली आणि फ्रिज एकदम चालेल का? की चहा पण गॅसवरच?

इसारकाठची:
किटलीवरचे वॅट बघा काका, २००० वाली असते बरेचदा, ती एकटीच उडवेल. हजारच्या आतली छोटी कॅम्पिंगची मिळते ती फ्रिजबरोबर चालते. पण चहा गॅसवरच करा, आलं उकळायला हवं ना. आणि संडासाचं काय ठरलं ते सांगितलंच नाही तुम्ही!

रिकामा_कॅशियर:
त्यात काय, असं म्हणून गेलो हो मी.