सत्र चालू असताना शिक्षकांची रजा: एका दिवशी किती जणांना, आणि कोणत्या हिशेबाने?

घंटानाद

रजेचे नियम कागदावर असतात, पण सत्राच्या मध्यात कुणी एक-दोन दिवस मागितले की निर्णय मागणारा कोण आणि त्या दिवशी वरच्यांचा मूड कसा यावर ठरतो. "एवढी मोठी सुट्टी मिळते, मग आत्ताच कशाला?" हे ठरलेलं उत्तर. त्यामुळे लोक आगाऊ विचारतच नाहीत आणि आदल्या रात्री 'तब्येत बरी नाही' असा निरोप येतो. वेळापत्रक बघणाऱ्याला हे सगळ्यात महागात पडतं.

हिशेबासाठी आकडे असे धरा: १६ तुकड्या, २४ शिक्षक, आठवड्याला ५ दिवस, रोज ४० मिनिटांच्या ८ तासिका. विचारायचं हे:

१) एका दिवशी किती जणांना रजा देता येते, याचं काही गणित आहे का?
२) बदली तासिकांचा (रजेवरच्या शिक्षकाऐवजी दुसऱ्याने घ्यायच्या तासिकांचा) बोजा त्याच त्या माणसांवर पडू नये म्हणून काय करता येतं?
३) पूर्ण रजा न देता थोडं उशिरा येणं, लवकर जाणं असं काही शाळेत बसतं का? की ते फक्त ऑफिसातच शक्य आहे?

कोरा फळा

गणित आहे, आणि सोपं आहे. १६ तुकड्या गुणिले ४० तासिका म्हणजे आठवड्याला ६४० तासिका. २४ जणांत वाटल्या की प्रत्येकाला साधारण २७, म्हणजे रोज ५.३. कुठल्याही तासिकेला १६ जण वर्गात आणि ८ जण मोकळे.

एक माणूस रजेवर गेला की त्या दिवशी ५.३ तासिका भरायच्या. तिघे गेले तर १६ तासिका, आणि हजर २१ जण. प्रत्येकी एकापेक्षा कमी. चौघे गेले तर २१ तासिका आणि हजर २०, म्हणजे कुणालातरी दोन घ्याव्या लागतात, आणि कुरबुर तिथून सुरू होते. तेव्हा दिवसाची मर्यादा तीन. त्यातली एक जागा अचानक आजारपणासाठी कायम राखून ठेवायची. आगाऊ मंजूर करायच्या फक्त दोन. राखीव जागा 'आज कुणी आजारी नाही' म्हणून सकाळी वाटून टाकली तर ती राखीव राहत नाही.

गडबड कुठे होते, तर समांतर गटांच्या तासिकांना. एका इयत्तेच्या चार तुकड्या भाषेसाठी सात गटांत फुटत असतील, तर त्या तासिकेला तीन शिक्षक जास्त लागतात. मोकळे आठचे पाच होतात. दोन इयत्तांचे गट एकाच वेळी लावले असतील तर उरतात दोन. दिवसाचा हिशेब जुळलेला असतो आणि चौथ्या तासिकेला मात्र वर्गावर पाठवायला माणूस नसतो. म्हणून दिवसाची बेरीज करून थांबू नका. प्रत्येक तासिकेला मोकळे किती, याचा ४० चौकटींचा तक्ता सत्राच्या सुरुवातीलाच काढा आणि जिथे आकडा ३ च्या खाली जातो त्या चौकटी लाल करा. रजेचा अर्ज आला की आधी त्या लाल चौकटी बघायच्या.

लाल शाई

वरचं गणित बरोबर आहे, पण त्यात मोकळी तासिका म्हणजे रिकामा वेळ असं धरलंय. तसं नसतं.

४० वह्या, एका वहीला ३ मिनिटं, म्हणजे दोन तास, म्हणजे ३ तासिका. पाच तुकड्यांच्या वह्या पंधरवड्यातून एकदा बघायच्या तर १५ तासिका तपासण्यातच जातात. पंधरवड्यात मोकळ्या असतात सुमारे २६. उरल्या ११. रोज एक बदली तासिका लावली तर त्यातल्या १० गेल्या. टाचणाला (तासाच्या पूर्वतयारीच्या नोंदींना) आणि पालकांच्या फोनला मिळून उरली एक. मग वह्या घरी जातात, आणि लोक दमले की रजा वाढतात. चक्र इथूनच फिरायला लागतं.

म्हणून रोज एक हा कमाल आकडा समजा, नेहमीचा नाही. जोडीला आठवड्याला माणशी २ बदली तासिका अशी दुसरी मर्यादा ठेवा. २४ जणांच्या ४८ तासिका, भागिले ५.३, म्हणजे आठवड्याला सगळ्यांचे मिळून ९ दिवस रजा झेपते. त्यातले ३ अचानकसाठी सोडून ६ आगाऊ द्या. एखाद्या दिवशी तीन झाले तर चालतं, रोज तीन चालत नाही.

कोरा फळा

मान्य. दोन्ही मर्यादा एकदम लावायच्या.

अदलाबदल

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बदली तासिकेचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते एकाच वहीत एकत्र लिहिले जातात, ही मूळ चूक.

पहिला प्रकार म्हणजे नुसतं सांभाळणं: गणिताचे सर नाहीत, चित्रकलेच्या मॅडम वर्गात बसल्या. मुलांचा तास गेला, मॅडमचाही गेला. दुसरा प्रकार अदलाबदल: ७वी ब ला गुरुवारी तिसरी तासिका गणिताची आहे. त्याच तुकडीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई तेव्हा मोकळ्या आहेत, तर त्या त्यांचं विज्ञानच शिकवतात. पुढच्या मंगळवारी विज्ञानाची तासिका गणिताचे सर घेतात. पंधरवड्याअखेर दोन्ही विषयांच्या तासिका जिथल्या तिथे.

अट एवढीच की दोघेही त्या-त्या वेळी मोकळे हवेत. सगळ्या तासिका अशा जमत नाहीत, पण पाचातल्या दोन-तीन जमल्या तरी सांभाळण्याचा बोजा निम्म्यावर येतो. ही जुळवाजुळव रजा मागणाऱ्यानेच करून आणायची. वेळापत्रक बघणाऱ्याने फक्त तपासायचं.

वहीत रकाने असे: तारीख, तासिका, तुकडी, कोणाची, कोणी घेतली, प्रकार, परत कधी. शेवटचा रकाना रिकामा राहिला की अदलाबदल म्हणजे उसनवारी होते. परतफेड १५ दिवसांत, आणि परीक्षेच्या आठवड्यापलीकडे काहीही न्यायचं नाही. एका माणसाच्या नावावर ६ पेक्षा जास्त फेडायच्या तासिका असतील तर नवीन अदलाबदल बंद.

प्रयोगशाळेची तासिका अशी कुणालाही देऊ नका. शिक्षक रजेवर असेल तर आम्ल, गॅस, काच यांचा प्रयोग पुढे ढकलायचा. बदली माणसाच्या भरवशावर तो करायचाच नाही.

दीड तासिका

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो', आणि ते याच तक्त्यातून निघतं.

पहिल्या तासिकेला ८ जण मोकळे असतात. तिघे बदलीसाठी ठेवले तरी रोज ५ जण एक तासिका उशिरा येऊ शकतात. आठवड्याला २५ जागा, माणसं २४. शेवटच्या तासिकेचंही तेच. अडचण वर्गशिक्षकांची: सकाळची हजेरी त्यांच्याकडे असते, त्यामुळे त्यांची पहिली तासिका सुटत नाही. १६ वर्गशिक्षकांना आठवड्यातून एकदा शेवटची तासिका सोडा, उरलेल्या ८ जणांना एकदा पहिली. दोन्हीकडे जागा शिल्लक राहतात. मात्र हे वेळापत्रक बनवतानाच अट म्हणून घालावं लागतं. तयार वेळापत्रकात मागाहून घुसवायला गेलं की दहा ठिकाणी फाटतं. मधल्या सुट्टीच्या आणि फाटकावरच्या पाळ्याही त्याच वेळी लावा. एकच दिवस सगळ्यांनी शेवटपर्यंत थांबायचं असं ठरवलं की बैठका त्या दिवशी होतात.

आणखी एक. दातांच्या डॉक्टरकडे जायला दोन तासिका पुरतात. त्यासाठी अख्खा दिवस खर्ची पडत असेल तर माणूस अख्खा दिवसच घेणार. मग दोनच्या जागी पाच तासिका भराव्या लागतात आणि नुकसान शाळेचंच. तासिकांवर मोजलेली सवलत ठेवा: सत्राला ६ तासिका, एका वेळी जास्तीत जास्त २, रजेत न धरता. वर गेल्या की अर्धा दिवस लागतो.

अर्ज क्रमांक एक

मंजुरीबद्दल थोडं. कारण किती गंभीर आहे याचं वजन करायला बसू नका. त्यात खासगी गोष्टी उकरल्या जातात आणि नीट बोलणाऱ्याला रजा मिळते. बघायचं ते इतकंच, की तारीख हलवता येते का.

आजारपण, मृत्यू, घरातलं मूल किंवा वृद्ध आजारी असणं: इथे मर्यादा बघायचीच नाही. तारीख दुसऱ्याने ठरवलेली, जसं लग्न, शस्त्रक्रिया, स्वतःची परीक्षा, कोर्टाची तारीख: जागा असेल तर हो, दोन अर्ज भिडले तर सहलीसारख्या अर्जाच्या आधी हे. तारीख स्वतःच्या हातात, जसं सहल: जागा शिल्लक असेल आणि अदलाबदल जुळवून आणली असेल तरच.

अर्ज १० कामाचे दिवस आधी, उत्तर ३ दिवसांत, लेखी. अर्ज पडून राहिला की माणूस होकार समजून तिकीट काढतो, आणि मग नकार दिला तर भांडण ठरलेलं. ज्या दिवशी रजा मिळणार नाही अशा दिवसांची यादी सत्राच्या पहिल्या आठवड्यातच लावा: परीक्षा, गुण भरण्याचे दिवस, पालकसभा. सत्राला १० दिवसांच्या वर यादी गेली तर ती कुणी पाळत नाही. जोडसुट्टीला चिकटून रजा हवी असेल तर एका सत्रात माणशी एकदा. दुसऱ्यांदा मागणाऱ्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी.

'मोठी सुट्टी मिळते ना' या वाक्याला एक जुनं उत्तर आहे. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहकार्याने पॅरिसमध्ये बोलावलेल्या परिषदेने ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली. पुरेशा वैयक्तिक कारणासाठी पूर्ण पगारी रजा मिळावी आणि तिची व्यवस्था नोकरीच्या आधीच ठरलेली असावी, असं तिच्यात म्हटलंय. कायदा नाही, शिफारसच. पण 'आधीच ठरलेली' हे दोन शब्द नियम लिहायला बसलेल्या कुणालाही पुरेसे आहेत.

अर्धं पद

त्याच शिफारशीत अर्धवेळ शिक्षकांना त्याच प्रमाणात तोच पगार आणि त्याच मूळ सेवाशर्ती असाव्यात असंही आहे. कामगार संघटनेने १९९४ मध्ये अर्धवेळ कामासाठी वेगळा करार, क्रमांक १७५, केला. ज्यांना वारंवार रजा लागते (लहान मूल, घरी रुग्ण) त्यांच्याशी दर आठवड्याला घासाघीस करण्यापेक्षा दोघांत एक पद वाटणं दोन्ही बाजूंना परवडतं.

२७ तासिकांचं पद १४ आणि १३ असं फुटतं. वरच्या वर्गांत तुकड्यांनुसार वाटा. एकाच तुकडीचा एकच विषय दोघांत वाटला की दोघेही 'ते त्यांनी घेतलं असेल' म्हणतात आणि एक घटक राहून जातो. खालच्या वर्गांत दिवसांनुसार: एक जण बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत, दुसरा तिथून पुढे. मधे निदान अर्धा तास दोघे एकत्र हवेत आणि तो पगारात धरलेला हवा.

फसतं कुठे, तर तासिका निम्म्या होतात पण बैठका, पाळ्या आणि स्नेहसंमेलन पूर्णच राहतात. तेही प्रमाणात कापा आणि कागदावर आकड्यांत लिहा. तोंडी ठरलेलं दुसऱ्या सत्रात कुणाला आठवत नाही.

घंटानाद

सगळ्यांचे आभार, तक्ता काढायला घेतलाय. दोन गोष्टी राहिल्या. बदली माणसासाठी काय ठेवायचं? आणि ५.३ चा हिशेब पहिली-दुसरीला लागू होत नाही. तिथे एकच बाई दिवसाच्या ७ तासिका घेतात.

टाचणवही

आधी काम. "धडा ६ उजळणी" असं लिहून ठेवलं की ते १२ मिनिटांत संपतं आणि उरलेली २८ मिनिटं गोंधळ. नवा घटक नाही, शिकवून झालेल्या भागावरचं काम द्या. १५ ते २० प्रश्न, पहिले आठ-दहा सोपे, शेवटचे दोन डोकं खाजवायला लावणारे. उत्तरं सोबत हवीतच, कारण येणारा दुसऱ्या विषयाचा असणार. ४० मिनिटांची वाटणी वरच लिहा: ५ हजेरी, ५ सूचना, २० काम, १० उत्तरं तपासणं. प्रती पटापेक्षा दोन जास्त. अचानकच्या रजेसाठी असे दोन संच वर्गाच्या कपाटात कायम, आणि वापरला की त्याच आठवड्यात नवा.

पहिली-दुसरीला सात तासिकांना सात वेगळी माणसं पाठवू नका. लहान मुलं तिसऱ्या चेहऱ्यापासून बिथरतात. मधल्या सुट्टीआधी एक, नंतर एक. त्यासाठी खालच्या विभागात एका शिक्षकाला मुद्दाम २० तासिकांचं हलकं वेळापत्रक द्या आणि ही पाळी दरवर्षी बदला. दोन तुकड्या एकत्र बसवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही एका तासिकेपुरता, आणि हजेरी वेगवेगळीच.

या वर्गांच्या फाईलचं पहिलं पान अभ्यासाचं नको. कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाकडे इनहेलर आहे आणि तो कुठे ठेवलाय, कोण बसने जातं, कुणाला न्यायला कोण येतं आणि कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही. बदलीवर आलेल्या माणसाला पालकांचे चेहरे माहीत नसतात, त्यामुळे शेवटच्या घंटेला तरी कार्यालयातलं ओळखीचं कुणीतरी त्या दारात उभं हवं.