क्राबीची सहल: पोहता येतं, तरीही
ताई, पंधरा वर्षांचा लेक औशाच्या विहिरीत तासभर पोहतो, म्हणून थायलंडमधल्या क्राबीच्या समुद्रकिनारी सहलीची चिंता नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. समुद्रात आत खेचलं गेलं तर सरळ किनाऱ्याकडे हात मारत दमू नये. किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावं, मगच वळावं. हे त्याच्याकडून पाठ करून घ्याच. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून खांद्यांपाशी वर ओढून बघायचं. हनुवटीला टेकलं तर लहान माप मागायचं, बिलकुल लाजायचं नाही. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरणं, असेल तर त्यानंतर विमानाआधी किमान १८ तास मोकळे हवेत, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे विमानातल्या कमी दाबात बुडबुडे होतात. विम्यातून जलक्रीडा वगळल्यात का, तेही वाचा.