वाट बघताना, रडताना आशा कशी टिकली? तुमचे अनुभव सांगा

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचं बायबल अजून पलंगाशेजारी तसंच आहे, गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं, आणि ते पान उघडायची माझी अजून हिंमत झालेली नाही. पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील यावर, विश्वास आहे हो, लहानपणापासून आहे, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता घरात कोणी नसतं तेव्हा त्या विश्वासाचं करायचं काय ते कळत नाही. म्हणून हा धागा. नुसती वचनं नकोत प्लीज, वचन सांगायचंच असेल तर ते तुम्हाला कुठे आणि कसं भेटलं तेही लिहा.

---

आम्ही अकरा वर्षं मुलासाठी थांबलो. या काळात मला बायबलमधल्या सारेची, अब्राहामाच्या बायकोची, म्हातारपणी मुलगा इसहाक झाल्याची गोष्ट किती जणांनी सांगितली त्याला गणती नाही. अब्राहाम 75 वर्षांचा असताना घरातून निघाला आणि इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा होता, म्हणजे मधे 25 वर्षं गेली, आणि त्या 25 वर्षांत दोघांनी स्वतःचं डोकं चालवून, दासी हागारेकडून मूल करून घेऊन, केवढा घोळ घालून ठेवला ते मात्र कोणी सांगत नाही! मला तोच भाग जवळचा वाटायचा. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता नाही. त्या रात्री मला वाटलं माझा विश्वासच संपला, पण सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं की संपलीय ती मुलाची आशा, ख्रिस्तावरची नाही, इतकी वर्षं मी या दोन्हींची एकच गाठ मारून ठेवली होती. ती गाठ सुटताना जे दुखलं ते अजून दुखतं. विणून ठेवलेलं टोपडं मागच्या महिन्यात बहिणीच्या बाळाला दिलं. देताना रडले, बहीणपण रडली, बाळ झोपलेलं होतं.

---

बायको आयसीयूत होती तेव्हा यिर्मया 29:11 मला इतक्या जणांनी पाठवलं की शेवटी मी फोन उलटा ठेवायला लागलो. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मग बाहेरच्या खुर्चीवर बसून बसून वैतागलो आणि रागानेच तो अख्खा अध्याय काढून वाचला. त्याच्या अगदी वरच्या, दहाव्या वचनात, परत आणायला सत्तर वर्षं लागणार असं लिहिलंय!! बाबेलमध्ये पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, आणि देव त्यांना सांगतो काय, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले कितीतरी परत जायच्या आधीच वारले असणार. विचित्र वाटेल पण मला त्यातनं बरं वाटलं. घरी जाऊन तिच्या कुंड्यांना पाणी घातलं, आठ दिवस कोणी घातलं नव्हतं. ती वाचली, अजून डावा हात नीट चालत नाही. पण ती वाचली म्हणून आशा टिकली असं मी म्हणणार नाही, कुंड्यांना पाणी घातलं तेव्हा ती वाचणार की नाही ते कुठे माहीत होतं.

---

मुलगा अपघातात गेला. मला अजून प्रार्थना येत नाही. स्तोत्र 88 तेवढं वाचतो, कारण ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी स्तुतीबितीकडे वळत नाही. एक मित्र दर गुरुवारी येऊन बसतो, काही बोलत नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रपण सात दिवस सात रात्री गप्प बसले होते, तोंड उघडल्यावर सगळी गडबड झाली.

---

मी पाळक आहे. कित्येक वर्षं दफनविधीला मी घरच्यांना सांगत आलो की रडू नका, आपल्याला आशा आहे. मग माझा धाकटा भाऊ गेला आणि त्याच्या पेटीपाशी एका वडीलधाऱ्याने मला तेच वाक्य ऐकवलं, तेव्हा ते कसं लागतं ते कळलं. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात रडू नका असं लिहिलंच नाहीये, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका एवढंच लिहिलंय, म्हणजे खेद आहेच. आणि योहान 11 मधे, मार्था आणि मरियेचा भाऊ लाजर मेलाय, त्याला थोड्याच वेळात उठवायचंय हे येशूला पक्कं माहीत आहे, तरी मरियेला रडताना बघून तो रडतो. मार्था तर सरळ तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि तो तिला ओरडत नाही. हल्ली मी दफनविधीला मार्थेचं हे वाक्य वाचून दाखवतो. एक-दोघांनी तक्रारही केली, उपासनेत असं काय वाचता म्हणून. करू देत.

---

शुभ शुक्रवार आणि ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या मरणाच्या आणि पुन्हा उठण्याच्या, मधला शनिवार. त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काहीच नाही, लूक एवढंच सांगतो की येशूबरोबरच्या स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. उद्या रविवार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली होती, तीही प्रेतासाठी. माझं सध्या तसंच चाललंय. एवढंच.

---

धागा काढणारी परत आलेय. तुमचं सगळं वाचलं, काही दोनदा. पाळकांचं वाचल्यावर खूप वेळ रडले आणि मग काल रात्री बाबांचं बायबल उघडलं. मला वाटलं होतं स्तोत्र 23 असेल, नाहीतर योहान 14, निदान अधोरेखित काहीतरी. निघाला पहिला इतिहास, जुन्या करारातलं पुस्तक. नुसत्या नावांच्या याद्या, अमक्याचा मुलगा तमका, नऊ अध्याय! बाबा दर वर्षी अख्खं बायबल ओळीने वाचायचे, काही गाळायचे नाहीत. वाचून झालेल्या अध्यायापुढे पेन्सिलीची बारीक टिक असते, पाचव्यापर्यंत आहे. सहावा मी वाचला, मोठ्याने, निम्मी नावं नीट उच्चारता आली नाहीत. पेन्सिल त्यांच्या ड्रॉवरमधेच सापडली.